दोबिन्यीची नाव: नदीच्या मधोमध बसून रंगवलेली निसर्गचित्रं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इम्प्रेशनिझम (बदलता प्रकाश मोकळ्या फटकाऱ्यांत पकडणारी एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रशैली) शिकताना मोने, पिसारो, सिस्ली हे चित्रकार येतात, त्यांच्याआधी निसर्गचित्रकार कोरो येतो, पण त्याच काळातल्या चार्ल्स-फ्रांस्वा दोबिन्यी या फ्रेंच निसर्गचित्रकाराचं नाव एका ओळीत उरकलं जातं. तो कोण होता, त्याने नेमकं काय केलं, आणि आज उघड्यावर निसर्गचित्रण करणाऱ्याने त्याच्याकडून काय घ्यावं?

मी बरीच वर्षं नदीकाठची चित्रं रंगवते आणि विद्यार्थ्यांना स्पॉटवर घेऊन जाते. दोबिन्यीबद्दल मला मनापासून आपुलकी आहे, म्हणून उत्तर लांबेल. माझं मत आधीच सांगते. निसर्गचित्रकाराने कुठे बसायचं आणि कुठे थांबायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं त्याने बदलली. त्याच्यानंतरच्या पिढीने ही दोन्ही उत्तरं जवळजवळ जशीच्या तशी उचलली.

त्याचा जन्म १५ फेब्रुवारी १८१७ चा, पॅरिसमधला. वडील एदमाँ-फ्रांस्वा निसर्गचित्रकार, काका लघुचित्रं काढणारे. घरात रंगांचा वास होता, पैसा मात्र बेताचा. प्रकृती नाजूक म्हणून लहानपणी त्याला वाझ नदीजवळच्या व्हाल्मोन्द्वा गावी एका दाईकडे ठेवलं होतं. सफरचंदांची झाडं, ओढे, हिरवे उतार यांचा हा मुलूख त्याने आयुष्यभर सोडला नाही. पुढे घर बांधलं तेही याच नदीच्या काठी, काही मैलांवरच्या ओव्हेरला.

किशोरवयातच तो कमवायला लागला. घड्याळांच्या पेट्या, डबे असल्या वस्तूंवर नक्षी आणि चित्रं काढायची, लूव्रमधल्या जुन्या चित्रांच्या दुरुस्तीला हातभार लावायचा, पुस्तकांसाठी चित्रं कोरायची. १८३६ मध्ये साठवलेले पैसे घेऊन तो एका मित्राबरोबर इटलीला गेला, बराचसा प्रवास पायी. १८३८ मध्ये त्याचं चित्र पहिल्यांदा सलाँमध्ये लागलं. सलाँ म्हणजे पॅरिसचं सरकारी प्रदर्शन. तिथे चित्र लागलं तर गिऱ्हाईक, नाकारलं गेलं तर वर्ष वाया, इतकं त्याचं वजन होतं.

त्या काळी निसर्गचित्रकाराची प्रतिष्ठा ठरायची ती ‘ऐतिहासिक निसर्गचित्रा’वरून. त्यात एखादा पौराणिक प्रसंग हवा, झाडं रचलेली हवीत, दूरवर एखादं मंदिर हवं. या प्रकारासाठी रोमची शिष्यवृत्ती असे. दोबिन्यीने तिच्यासाठी दलारोश या चित्रकाराच्या हाताखाली तयारी केली, स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्याही पार केल्या. पण एका औपचारिक बैठकीला हजर राहण्याचा नियम त्याच्याकडून मोडला आणि तो बाद झाला. शिष्यवृत्ती मिळाली असती तर रोममध्ये काही वर्षं देवदेवतांसाठी पार्श्वभूमी रंगवण्यात गेली असती. ती हुकली हे निसर्गचित्रणाच्या दृष्टीने चांगलंच झालं, असं मला वाटतं.

यानंतरची दहा-बारा वर्षं पोटापाण्याची आणि कोरीवकामाची. चरित्रं लिहिणारे हा काळ भरभर उरकतात. चित्रकाराने तसं करू नये. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून कागदावर घेतलेला छाप. त्यात रंग नसतो. काळा, पांढरा आणि मधल्या छटा एवढ्यावरच पाणी ओलं दिसायला हवं आणि आकाश दूर जायला हवं. दोबिन्यीच्या तैलचित्रात रंग अगदी मोजका असला तरी टोन, म्हणजे उजळ-गडदपणाचा तोल, कधी चुकत नाही, याचं मूळ या तांब्याच्या पत्र्यांवरच्या मेहनतीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी एकाच रंगात नदी करायला लावते ती याच कारणासाठी. त्यांना कंटाळा येतो, तरीही.

१८५२ च्या सुमारास त्याची कोरोशी गट्टी जमली. कोरो वयाने एकवीस वर्षांनी मोठा, तोवर नाव झालेला. दोघं आग्नेय फ्रान्समधल्या दोफिने भागात, ऑप्तव्होझच्या परिसरात एकत्र काम करायला जात. पुढच्याच वर्षी, १८५३ च्या सलाँमध्ये, दोबिन्यीच्या ‘जिलियेचं तळं’ या चित्राला पहिल्या दर्जाचं पदक मिळालं आणि ते तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतलं. आज ते अमेरिकेत सिनसिनाटीच्या संग्रहालयात आहे. शांत पाणी, काठाचं गवत, पाणपक्षी. त्यात कथा नाही, नायक नाही. १८५५ मध्ये ‘ऑप्तव्होझचा बंधारा’ सरकारने घेतलं, १८५९ मध्ये लीजन ऑफ ऑनर हा फ्रेंच सरकारी सन्मान मिळाला. म्हणजे हा माणूस उपेक्षित, अर्धपोटी बंडखोर नव्हता. चाळिशीत त्याला मान आणि पैसा दोन्ही मिळालं होतं, आणि त्या सुरक्षित जागेवरून त्याने धोका पत्करला. मला त्याच्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे.

१८५७ मध्ये त्याने एक नाव घेतली. मुळात होडीवाल्याची, माणसं या काठावरून त्या काठावर नेण्यासाठी बांधलेली. लांबी सुमारे साडेआठ मीटर, रुंदी दोन मीटरपेक्षा थोडी कमी, तळ सपाट, त्यामुळे उथळ पाण्यातही चालायची. मागच्या बाजूला लाकडी खोली बांधली. तिच्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि चित्रंही रंगवायची. नावेचं नाव ठेवलं ‘बोतँ’. अकरा वर्षांचा मुलगा कार्ल हा खलाशी-पोऱ्या, आणि वयोवृद्ध कोरोला मानद अ‍ॅडमिरल केलं. वाझ, सेन, मार्न, योन या नद्यांवर ही मंडळी उन्हाळ्यात फिरत राहिली. या सफरींवर त्याने १८६२ मध्ये ‘नावेतला प्रवास’ हा एचिंगचा संच काढला. त्यात निघतानाचा निरोप आहे, जेवणं आहेत, आगबोटींच्या लाटांनी हेलकावणारी नाव आहे. एका चित्रात तो पाठमोरा बसून खोलीच्या दारातून दिसणारी नदी रंगवतो आहे, आणि आत टेकवलेल्या कॅनव्हासवर ‘वास्तववाद’ असा शब्द लिहिलेला आहे. तो शब्द त्या काळी कलाविश्वात वादाचा होता. दोबिन्यीने त्यावर भाषण केलं नाही, नावेत नेऊन ठेवला.

आता या नावेने चित्रात काय बदललं, ते जरा तपशिलात सांगते, कारण पुस्तकांत हा भाग ‘नावेतून चित्रं काढायचा’ एवढ्यावर संपतो.

काठावर ईझल (चित्र टेकवायचा स्टँड) लावला की पायाखालची जमीन चित्रात येते. गवत, दगड, वाट, एखादं झुडूप. निसर्गचित्राची जुनी रचना यावरच उभी होती: पुढे गडद जमीन, बाजूला एक मोठं झाड, मध्ये पाणी, मागे उजळ डोंगर. बघणाऱ्याची नजर पायरी-पायरीने आत जायची. दोबिन्यी नदीच्या मध्ये जाऊन बसला आणि पायाखालची जमीनच गेली. चित्राच्या खालच्या कडेपासून थेट पाणी सुरू होतं. उभं राहायला जागा नाही. दोन्ही काठ बाजूंनी निघून दूर एकमेकांजवळ येतात आणि मधली मोकळी जागा प्रकाशाची असते. पूर्वी ‘विषय’ म्हणून जे मध्यभागी असायचं, ते आता आडव्या पट्ट्यासारखं आकाश आणि पाणी यांच्या मध्ये उरतं. त्याला साजेसे कॅनव्हासही त्याने निवडले: आडवे, लांबट, काही तर उंचीच्या दुप्पट रुंदीचे.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या उंचीची. नावेत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असतो. पाण्याकडे जितक्या तिरक्या, सपाट नजरेने बघाल तितकं ते जास्त परावर्तन करतं. जितकं वरून बघाल तितका पाण्याचा स्वतःचा, तळाचा रंग दिसतो. म्हणून दोबिन्यीच्या चित्रात दूरचं पाणी आकाशाच्या रंगाचं लखलखीत असतं आणि अगदी खालच्या कडेजवळ ते हिरवट, तपकिरी, थोडं जड होत जातं. एका चित्रात दोन पाणी आहेत आणि त्यांच्यातला बदल कुठेही रेघ न दिसता झालेला आहे. वाईला किंवा मेणवलीला घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून नदी करणाऱ्यांना हे जमत नाही तेव्हा कौशल्य कमी पडलेलं नसतं, जागा चुकलेली असते. चार पायऱ्या उतरून पाण्याशी बसा, फरक लगेच दिसेल.

प्रतिबिंबाचंही तसंच. नवशिका झाड रंगवतो आणि त्याची उलटी नक्कल खाली उतरवतो. प्रत्यक्षात काठापासून मागे असलेलं झाड पाण्यात आखूड दिसतं, कारण पाण्याच्या पातळीवरून त्याचा खालचा भाग काठाआड जातो. गडद वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा जरा उजळ, आणि उजळ वस्तूचं जरा गडद. हलक्या तरंगांवर ते उभं ताणलं जातं, आणि वाऱ्याची झुळूक आली की मध्येच एक राखाडी पट्टा सगळं पुसून टाकतो. दोबिन्यीच्या चित्रांत हे सगळं दिसतं आणि तरी ते भूमितीचा धडा वाटत नाही. रोज तेच पाणी समोर असल्यावर हात आपोआप शिकतो.

नावेचा तिसरा परिणाम वेळेवर झाला. नाव हलते, प्रकाश सरकतो, ढग पळतात. छोट्या लाकडी फळीवर ओल्या रंगातच ओला रंग घालत एका बैठकीत चित्र उतरवावं लागतं. पत्र्याच्या ट्यूबमधले तैलरंग १८४१ पासून मिळू लागले होते, त्यामुळे रंग बरोबर नेणं सोपं झालं होतं. उघड्यावर अभ्यासचित्रं इतरही करत, कोरोने तर इटलीत १८२० च्या दशकात अप्रतिम केली. पण रिवाज असा होता की अभ्यासचित्र स्टुडिओत न्यायचं, त्यावरून मोठं चित्र करायचं, फटकारे घासून गुळगुळीत करायचे आणि मगच ते प्रदर्शनाला पाठवायचं. दोबिन्यीने हळूहळू ही पुढची पायरी गाळायला सुरुवात केली. अभ्यासचित्रातला मोकळा फटकारा त्याने मोठ्या कॅनव्हासवर तसाच ठेवला आणि ते चित्र पूर्ण झालं म्हणून सलाँला पाठवलं.

यावरून टीका झाली. १८६१ मध्ये तेओफिल गोतिये या नामवंत समीक्षकाने लिहिलं, त्याचा सारांश असा: या चित्रकाराला निसर्गाची इतकी खरी जाण आहे, मग तो नुसत्या ‘इम्प्रेशन’वर, म्हणजे मनावर उमटलेल्या ठशावर, समाधान मानून तपशिलांकडे दुर्लक्ष का करतो, ही तर कच्ची चित्रं झाली. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रावरून याच शब्दाची टिंगल झाली ती १८७४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनंतर. ज्या दोषाबद्दल पुढच्या पिढीला फटके बसले, तो दोष दोबिन्यीवर आधीच लागलेला होता.

त्याने माघार घेतली नाही, उलट आकार वाढवला. १८६४ च्या सलाँमध्ये त्याने ‘व्हिलेरव्हिल’ हे नॉर्मंडीच्या किनाऱ्याचं चित्र लावलं. सुमारे एक मीटर बाय दोन मीटरचा हा कॅनव्हास त्याने जागेवरच रंगवला. गवताळ उतारावर खुंट्या ठोकून कॅनव्हास त्यांना बांधला आणि काम संपेपर्यंत तो तिथेच उघड्यावर राहिला, गुराढोरांच्या आणि गावच्या पोरांच्या तावडीत. दोबिन्यीने मुद्दाम ढगाळ, वादळी आकाश निवडलं होतं. तसेच ढग, तसाच उजेड पुन्हा जमला की तो धावत जागेवर पोचायचा. उघड्यावर मोठा कॅनव्हास लावून बघितलेल्या कोणालाही यातला शारीरिक त्रास कळेल. वारा सुटला की तो शिडासारखा फुगतो, आणि मान वळवून दोन मीटर रुंदीचा टोन सांभाळणं म्हणजे वेगळीच कसरत. हे चित्र आज हेगच्या मेसदाग संग्रहात आहे.

ओव्हेरच्या घराबद्दल दोन शब्द. १८६१ मध्ये बांधलेल्या या घराच्या भिंती कोरोच्या आराखड्यांवरून रंगवल्या गेल्या. चित्रकार दोमिएचाही हात लागला, स्वतः दोबिन्यी आणि कार्ल यांनी काम केलं. मुलगी सेसिलच्या खोलीत बापाने परीकथांची चित्रं काढली. हे घर आजही बघता येतं. पॅरिसहून ओव्हेरला जाणारे बरेच जण फक्त शेवटचे दिवस तिथे काढलेल्या व्हान गॉगसाठी जातात. त्यांनी तासभर इथे द्यावा.

आता त्याच्या आयुष्यातला जो भाग मला चित्रांइतकाच महत्त्वाचा वाटतो. १८६० च्या दशकात तो सलाँच्या परीक्षक मंडळावर निवडून आला. मानाची खुर्ची मिळाली की बहुतेक जण आपल्यासारखी चित्रं निवडतात. त्याने १८६६ मध्ये सेझानच्या एका व्यक्तिचित्रासाठी भांडण केलं. नाकारलं गेलं ते. १८६८ मध्ये त्याच्या आग्रहामुळे पिसारो, मोने, रेन्वार, सिस्ली, बाझीय यांना जागा मिळाली, आणि अधिकाऱ्यांनी त्याचा राग दोबिन्यीवर काढला. १८७० मध्ये मोनेची चित्रं मंडळाने नाकारली तेव्हा त्याने मंडळाचा राजीनामाच दिला. कोरोही त्याच्या पाठोपाठ बाहेर पडला. तेव्हा मोने तिशीच्या आतला, कर्जबाजारी तरुण होता. त्याच्या बाजूने बोलून दोबिन्यीला काहीही मिळण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं आणि बरेच चित्रकार लंडनला गेले. दोबिन्यीही गेला. तिथे मोने त्याला भेटला, विपन्नावस्थेत. दोबिन्यीने त्याची ओळख चित्रविक्रेता पॉल द्यूराँ-र्युएलशी करून दिली, त्याची चित्रं घ्या म्हणून सांगितलं. पिसारोचाही याच विक्रेत्याशी लंडनमध्येच संबंध जुळला. पुढची अनेक वर्षं इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची चित्रं विकत घेऊन त्यांना जगवलं ते द्यूराँ-र्युएलने. दोबिन्यीने स्वतःही मोनेने हॉलंडमध्ये रंगवलेलं एक चित्र विकत घेतलं. आणि मोने पॅरिसजवळ सेनकाठच्या आर्जांतयला राहायला गेल्यावर त्याने काय केलं? एक नाव घेतली, तिच्यावर खोली बांधली आणि सेनच्या मधोमध जाऊन बसला. एदुआर माने या दुसऱ्या चित्रकाराने १८७४ मध्ये मोनेला त्या नावेत काम करताना रंगवलं आहे, ते चित्र म्युनिकला आहे.

असं असूनही तो इम्प्रेशनिस्ट नव्हता, आणि त्याला ओढूनताणून त्यांच्यात बसवू नये. १८७४ च्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनात त्याने चित्र दिलं नाही. त्याच्या पॅलेटमध्ये मातकट रंग शेवटपर्यंत राहिले. सावली तो तपकिरी, करड्या रंगात बांधतो. निळी-जांभळी सावली करणारे ते नंतरचे. त्याच्या चित्रांत गावच्या धोबिणी, गुरं, बदकं आहेत, आणि बहुतेक वेळा आगगाडी किंवा कारखाना नजरेआड ठेवलेला आहे. उलट त्याला नुसतं ‘बार्बिझों गटा’त टाकणंही पटत नाही. तो गट फोंतेनब्लोच्या जंगलात रंगवणाऱ्यांचा, तेओदोर रूसो आणि मिले या चित्रकारांचा. दोबिन्यी त्यांचा स्नेही, पण त्याचं गाव नदी होतं.

त्याच्यातला उणेपणाही सांगायला हवा. १८६० नंतर वाझकाठची संध्याकाळ, बदकं आणि एक होडी या मालाला इतकी मागणी आली की विक्रेत्यांसाठी त्याने तेच ते पुष्कळ रंगवलं. जगभरच्या संग्रहालयांत दोबिन्यी म्हणून जे लटकलेलं असतं त्यातलं बरंच या घाईतलं आहे. त्यावरून त्याला जोखलं तर तो गोड आणि सपक वाटतो. माझ्या मते त्याचं नाव एका ओळीत उरकलं जाण्यामागे हेही एक कारण आहे. कार्लही चित्रकार झाला आणि त्याची चित्रं बापाच्या चित्रांच्या इतकी जवळची आहेत की गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून उशिराची मोठी चित्रं शोधून बघा. १८७३ चं ‘बर्फ’ पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. पांढरं शेत, निष्पर्ण झाडं, कावळे, मागे लालसर मावळतं आकाश. यात बर्फाचा रंग जाड, पॅलेट नाइफने ओढलेला आहे. जवळून बघितलं तर फक्त रंगाचे थर, पाच पावलं मागे गेलं की थंडी वाजते. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, संधिवाताने बेजार असताना, हा माणूस हात सैल सोडत होता. बहुतेकांचा हात त्या वयात आखडतो.

१९ फेब्रुवारी १८७८ रोजी तो पॅरिसमध्ये वारला. ती बातमी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पंचविशीतल्या व्हान गॉगला कळली. तेव्हा तो चित्रकार झालेलाही नव्हता, तरी भाऊ तेओला लिहिलेल्या पत्रात त्याने दुःख व्यक्त केलं. बारा वर्षांनी, मे १८९० मध्ये, तो स्वतः ओव्हेरला आला. दोबिन्यीची पत्नी तेव्हा हयात होती. तिच्या बागेची त्याने तीन चित्रं केली, त्यांतली दोन दुप्पट रुंदीच्या कॅनव्हासवर. २३ जुलैला तेओला पाठवलेल्या शेवटच्या पत्रात त्याने या बागेच्या चित्राचं रेखाटन काढून दिलं आणि हे चित्र आपण खूप विचार करून केलं असल्याचं कळवलं.

शिकायला काय घ्यावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तैलचित्रांपासून सुरुवात करू नका. ‘नावेतला प्रवास’मधली एचिंग्ज घ्या आणि त्यातल्या दोन-तीन शाईत किंवा पेन्सिलीत उतरवा. किती कमी रेघांत पाणी उभं राहतं ते हाताला कळेल. मग नदीवर जा आणि पाण्याच्या शक्य तितक्या जवळ, शक्य तितकं खाली बसा. आडवा, लांबट कागद घ्या. पुढचा काठ चित्रात येऊच द्यायचा नाही, खालच्या कडेपासून पाणी सुरू करायचं. आधी दूरच्या आणि जवळच्या पाण्याचे दोन टोन ठरवा, त्यानंतर काठ, आणि झाडांचे तपशील वेळ उरलाच तर. तासाभराने प्रकाश बदलला की थांबा. घरी नेऊन त्यावर काम करू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी नव्या कागदावर तेच करा. जलरंगात करणार असाल तर प्रतिबिंबाचा वॉश (पातळ रंगाचा थर) आकाशाच्या वॉशबरोबरच घाला, नंतर घातलेला वेगळा पडतो.